दिवाळीनंतरची परसबाग

पावसाळ्यात परसबाग कशी लावावी हे कोकणातील शिक्षकास सांगावयास नको. मिरगाचा पाऊस पडला की मागील दारी आळी होतात, पडवळ, शिराळी, काकडी, भोपळा यांच्या बिया पडतात, श्रावणापर्यंत मांडव भरतो. आणि मोरीच्या पाण्याशेजारी अळू तर कोणी न लावताही येते. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खावयाचे नाही, असा आपल्याकडे संकेत आहे. त्या दिवशीची भाजी परड्यातच हातखणणीने पिकलेली असावयाची. वर्षातून एक दिवस का होईना, नांगरटीच्या शेतापेक्षा परड्याला अधिक मान मिळतो तो त्यामुळे.

परंतु हेच परडे त्यानंतर दोन महिन्यांनी पाहावे. मांडवावर वाळलेले वेल, आळ्यांत तडे गेलेली माती, आणि भाजी आठवड्याच्या बाजाराची. घरच्या बागेची ही स्थिती, तर शाळेच्या बागेची त्याहून वाईट. ऑगस्टमध्ये तिची छायाचित्रे निघतात, नोव्हेंबरात तिथे गवत असते. म्हणून प्रस्तुत लेखात पावसाळी बागेचे वर्णन थोडक्यात आटोपून, दिवाळी ते मे या काळातील बागेचा विचार मुख्यतः केला आहे. बाग करणे म्हणजे आपल्या जिल्ह्यात हे आठ महिने सांभाळणे होय. उरलेले चार महिने पाऊस सांभाळतो.

रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. एवढे पाणी पडूनही मार्गशीर्षात जमीन कोरडी का, असा प्रश्न मुले विचारतात आणि तो योग्य आहे. उत्तर पायाखालीच आहे. आपली जमीन जांभ्याची. बुकानन नावाच्या स्कॉटिश निरीक्षकाने १८०७ मध्ये मलबारातील अशाच दगडाचे वर्णन करताना विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले, कारण तेथील लोक तो विटांसारखा कापून घरे बांधीत होते; आपणही चिरे काढतो ते त्याच गुणामुळे. हा दगड सच्छिद्र. वरचे पाणी त्यातून झिरपून खाली जाते, आणि जाताना मातीतील विद्राव्य अन्नांश धुऊन नेते. मागे उरतात ती लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे. मातीचा तांबडा रंग लोहाचा. या मातीत आणखी एक खोड आहे. खतातून घातलेले स्फुरद ती लोहाशी व ॲल्युमिनियमशी जखडून टाकते आणि ते मुळांस सहजी मिळत नाही. म्हणून जूनमध्ये एकदाच घमेलेभर खत टाकून निश्चिंत होण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही. थोडे थोडे, तीन-चार वेळा, आणि कुजलेल्या पाल्यात मिसळून दिलेले खतच रोपाच्या अंगी लागते. चुलीची राख मिळत असेल तर तीही मूठमूठ घालावी. तिच्यात पालाश असते आणि मातीची आम्लता ती थोडी उतरवते.

माती सुधारावयाची ती पातेऱ्याने. शाळेच्या आवारात आंबा, काजू, फणस यांचा पाला डोंगरासारखा पडतो आणि बहुतेक ठिकाणी तो झाडून, एका कोपऱ्यात लोटून, पेटवून दिला जातो. स्वच्छतेच्या नावाखाली बागेची पुढील वर्षाची माती आपण धुरात घालवतो, असे म्हणण्यास हरकत नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत वेगळी. तिथे तण मारणे हाही हेतू असतो. परसबागेत जाळण्यास काहीच कारण नाही. पाला जमिनीवरच ढिगाने रचावा. खड्डा करू नये, कारण कोकणातल्या पावसात खताच्या खड्ड्याचे डबके होते आणि खत कुजण्याऐवजी सडते. आंब्या-काजूची पाने चिवट, लवकर कुजत नाहीत. त्यांत कुंपणाच्या गिरिपुष्पाच्या कोवळ्या फांद्या आणि थोडे शेणकाल्याचे पाणी मिसळले की ढीग तापतो व काम लवकर होते. ढिगावर नारळाच्या झावळ्या टाकाव्या. कार्तिकात रचलेला ढीग अधूनमधून ओला केला व दोनदा परतला, तर पाऊस सुरू होईपर्यंत वापरण्याजोगा होतो.

ज्या शाळा सड्यावर आहेत, तिथे माती सुधारण्याचा प्रश्नच येत नाही, कारण माती नसते. अशा ठिकाणी कातळ फोडण्याच्या खटाटोपात पडू नये. फुटके चिरे गावात कोणाच्या तरी घराशी पडलेले असतातच. ते आणून मीटरभर रुंद चौकट रचावी, तळाशी नारळाची सोडणे उताणी मांडावी, त्यांवर पातेरा, त्यावर शेणखत मिसळलेली माती अशी वीतभराहून थोडी अधिक भर घालावी. सोडणे पाणी धरून ठेवतात. वाफा मीटरभराहून रुंद नसावा, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. लांबी जागेप्रमाणे.

आता पाण्याचा विचार. विहिरी आटू लागल्या, नळ एक दिवसाआड आला, की बाग सोडून द्यावयाची, असा आपला परिपाठ. पण शाळेत रोज एक पाणी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी वाया जाते, ते म्हणजे दुपारच्या आहारापूर्वी व नंतर हात धुण्याचे. त्याचा हिशेब मुलांकडूनच मांडून घ्यावा. पट २४ आहे असे समजू. आपल्या जिल्ह्यात याहूनही लहान शाळा थोड्या नाहीत. दर मुलामागे दोन्ही वेळचे मिळून दीड लिटर धरले तर दिवसाचे ३६ लिटर झाले. हिवाळ्यात पालेभाजीच्या वाफ्याला, वर पाल्याचे आच्छादन असेल तर, चौरस मीटरला सुमारे ४ लिटर पाणी पुरते. म्हणजे ९ चौरस मीटर बाग नुसत्या हात धुण्याच्या पाण्यावर चालते. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे तीन वाफे झाले.

या तीन वाफ्यांत लाल माठ पेरावा. पण एकाच दिवशी नव्हे. पहिला वाफा पेरल्यावर दहा दिवसांनी दुसरा, आणखी दहा दिवसांनी तिसरा. माठ महिन्याभरात उपटण्यास येतो. अशा रीतीने पहिला महिना सरल्यावर दर दहा दिवसांनी एक वाफा मोकळा होतो व लगेच पुन्हा पेरला जातो. वाफा बरा पिकला तर चौरस मीटरला किलोभर, म्हणजे वाफ्यामागे ३ किलो भाजी निघते. २४ मुलांत प्रत्येकी १२५ ग्रॅम. याहून मोठी आश्वासने शाळेच्या बागेकडून घेऊ नयेत. दहा दिवसांतून एकदा ताजी पालेभाजी ताटात येणे ही गोष्ट ऐकण्यास लहान वाटते. परंतु फाल्गुन-चैत्रात बाजारातील पालेभाजी घाटावरून येते, गावापर्यंत पोहोचता पोहोचता सुकते, आणि किमतीमुळे पुष्कळ घरांत ती येतच नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. माठाचे बी अत्यंत बारीक असते. ते कोरड्या रेतीत मिसळून पेरावे, म्हणजे दाट पडत नाही. मुंग्या ते वेचून नेतात. वाफ्याभोवती राखेची रेघ ओढल्यास काही प्रमाणात आळा बसतो.

ताटे घासल्याचे पाणी मात्र या वाफ्यांना देऊ नये. साबणाचे व खरकट्याचे पाणी केळीच्या किंवा अळवाच्या आळ्यात सोडावे. ती दोन्ही पिके असे पाणी पितात आणि मोरीशी चिखल व डास होऊ देत नाहीत. आपल्या आज्यांनी अळू मोरीशेजारी का लावले, याचे दुसरे कारण शोधावयास नको. अळवाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून ते खाजरे. भाजी नीट शिजवून तिला आमसूल किंवा चिंच लावण्याची घरोघरची रीत ही खाज कमी करण्यासाठीच आहे. आहार शिजविणाऱ्या भगिनींना हे सांगण्याची गरज पडणार नाही. मुलांना मात्र अवश्य सांगावे.

यानंतर येतो तो सुट्टीचा प्रश्न, आणि शाळेच्या बागा बहुतेक याच ठेचेने पडतात. पाऊस ओसरून जमीन कोरडी पडू लागते, नेमक्या त्याच सुमारास दिवाळीची सुट्टी लागते. शेवटच्या सरी आणि पहिले शिंपण यांच्यामध्ये बाग दोन आठवडे उघडी पडते. यावर उपाय असा की या दिवसांत बागेत पाणी मागणारे कोवळे पीक असूच नये. मिरची व वांगी यांचे बी सप्टेंबरच्या अखेरीस शाळेच्या वळचणीखाली टोपलीत किंवा फुटक्या मडक्यात टाकावे. रोपे बोटभर झाली की, सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधी, प्रत्येक मुलाच्या हाती मातीने भरलेल्या, तळाशी भोक पाडलेल्या करवंटीत एकेक रोप द्यावे. ते त्याने घरी न्यावे, पाणी घालावे आणि शाळा उघडताना परत आणावे. काही रोपे मरतील. काही घरीच राहतील, कारण आईने ती परसात लावलेली असतील. त्याबद्दल मुलास बोल लावू नये. रोप शाळेच्या बागेत गेले काय आणि घराच्या परड्यात गेले काय, आपला हेतू साधलाच.

वांगी-मिरची लावताना मडक्याची युक्ती करून पाहण्याजोगी आहे. पाच-सात लिटरचे, न झिलई दिलेले, कच्च्या भाजणीचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, तोंडावर करवंटी किंवा फुटके खापर ठेवावे आणि सभोवार वीतभर अंतरावर चार रोपे लावावी. मडक्यातील पाणी पाझरून मुळांशी जाते. माती ओली असेपर्यंत थोडे पाझरते, सुकली की अधिक. तीन-चार दिवसांतून एकदा भरले तरी चालते, म्हणजे शनिवार-रविवारची चिंता नाही. वरून शिंपलेले पाणी दुपारच्या उन्हात जसे उडून जाते तसे हे जात नाही, आणि वर माती कोरडी राहिल्याने तणही थोडे. जुने, शेवाळ धरलेले मडके पाझरत नाही. ते आधी घासून घ्यावे.

मे महिन्याच्या सुट्टीस मात्र असा उपाय पुरत नाही. शिक्षक आपापल्या गावी, मुले मामाकडे, विहीर तळाशी. तेव्हा एप्रिल संपेपर्यंत वाफे रिकामे करावे हेच उत्तम. या सुट्टीशी जुळणारे पीक एकच, आणि ते म्हणजे सुरण. एप्रिलमध्ये कंद मातीत ठेवून वर जाड पातेरा घातला की त्याला काही लागत नाही. तो निजून राहतो व पावसाबरोबर जागा होतो. शाळा उघडते तेव्हा त्याचा कोंब मुलांच्या आधी हजर असतो. डिसेंबरच्या सुमारास पाने पिवळी पडून गळाली की कंद खणावा. हळद आणि आले पावसाच्या तोंडावर लावून जानेवारी-फेब्रुवारीत काढतात, त्यांचाही हिशेब शाळेच्या वर्षाशी बरा बसतो.

या तीन पिकांची शिफारस करण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून आजच्या रत्नागिरीतील परसबागेविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते कारण म्हणजे वानर आणि माकडे. मुलांनी दोन महिने पाणी घातलेला वाफा एका सकाळी, प्रार्थना चालू असता, उपटून टाकलेला अनेक शाळांनी पाहिला आहे. कितीतरी घरांनी याच कारणाने परडे करणे सोडले. घरे बंद करून माणसे मुंबईस गेली तिथे तर राखणारेही कोणी उरले नाही. भुजगावणे, जुन्या साड्या, फटाके यांचा धाक आठवडाभर टिकतो, मग प्राण्यांना कळून चुकते. लहान शाळेच्या आवाक्यातील खात्रीचे कुंपण दिसत नाही. मग पिकांची निवड बदलणे एवढेच हाती राहते. हळद, आले, सुरण, खाजरे अळू, मिरची, गवती चहा, कढीपत्ता यांच्या वाटेस माकडे सहसा जात नाहीत, असा अनुभव आहे. भोपळा, काकडी, केळी, पपई ही त्यांची आवडती. रानडुक्कर आणि साळिंदर यांची तऱ्हा उलटी: ती रात्री येतात आणि रताळी, करांदे उकरतात. ज्या गावात ज्याचा उपद्रव, तसे पीक. मुलांना या प्राण्यांविषयी द्वेष शिकवावा असे नाही, परंतु हानी झाल्यावर तिची नोंद मात्र करावयास लावावी: कोणत्या दिवशी, किती वाजता, काय खाल्ले, काय टाकून दिले. दोन वर्षांची अशी वही पुढील वर्षी काय पेरावे हे अचूक सांगते.

पावसाळी वेलांबद्दल दोनच गोष्टी. भोपळा, काकडी, दोडका यांची फळे पोसण्याआधीच पिवळी पडून गळतात, तेव्हा पुष्कळदा कारण फळमाशी असते. तिने डंख केलेली फळे बागेत टाकू नयेत, खोल पुरावी; कोवळ्या फळावर कागदाची पिशवी बांधल्यास ते वाचते. आंब्याच्या माशीसाठी मिथिल युजेनॉलचे सापळे मिळतात, ते वेलांच्या माशीस आकर्षित करीत नाहीत; तिच्यासाठी क्यूल्यूर या वेगळ्या आमिषाचा सापळा मागावा. दुसरे कारण परागसिंचनाचे. संततधारेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा भोपळ्याचे नरफूल तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलावर हलकेच फिरवावे. मादीफूल ओळखण्यास देठाशी असलेले चिमुकले फळ पुरे. हे काम पहाटे व्हावयास हवे, कारण भोपळ्याचे फूल तेव्हा उमलते व दुपारपर्यंत मिटते. दुध्या, दोडका व पडवळ यांची फुले उलट तिन्हीसांजेस उमलतात. दोडका आणि घोसाळे ही तर सख्खी भावंडे, पण घोसाळ्याचे फूल पहाटेचे आणि दोडक्याचे संध्याकाळचे. शाळेच्या वेळेत यातले काहीच नीट दिसत नाही. हा अभ्यास मुलांना घरच्या मांडवाखाली करावयास द्यावा. सबंध वर्गाची निरीक्षणे फळ्यावर मांडली की फुलांचे घड्याळ तयार होते.

शाळेत बाग असावी हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग सुचविले, त्यांत सूतकताईबरोबर फळे व भाजीपाल्याची बागाईतही होती. पुढे ती कल्पना मागे पडली. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि माध्यान्ह आहाराची योजना, जी २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते, तिच्याशी बाग जोडली गेली. तेव्हाच्या बागेत हाताला काम हा हेतू मुख्य होता, आताच्या बागेत ताट मुख्य आहे. शिक्षकाने दोन्ही साधावे. मात्र तपासणीपुरती बाग यांपैकी काहीच साधत नाही.

शेवटी बियाण्याविषयी. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, आणि आपल्या हवामानास मानवतील असे वाण तेथून निघाले: कारल्याचा कोकण तारा, पडवळाचा कोकण श्वेता, दोडक्याचा कोकण हरिता. हे मिळाल्यास अवश्य लावावे. अशा सरळ वाणांचे बी आपण धरून ठेवू शकतो. दुकानातील संकरित बियाण्यापासून धरलेले बी पुढच्या वर्षी आईबापांसारखे निघत नाही. पण त्याआधी गावातील म्हाताऱ्या बायकांकडे जावे. कोणाच्या घरी आखूड पांढरे पडवळ, कोणाच्या घरी कमी कडू कारले, कोणाकडे कडव्या वालाची जुनी जात असते. ती बाई गेली व घर बंद झाले की ते बी गेले. मुलांना अशी घरे शोधावयास लावावे, आणि मूठभर बी मागून आणावयास सांगावे. ते मागताना कधी लावतात, कसे शिजवतात, हेही विचारून लिहून घ्यावे.

बियाण्यासाठी वेलावरचे दुसरे किंवा तिसरे चांगले फळ राखावे, त्याला दोरा बांधून खूण करावी, म्हणजे कोणी तोडणार नाही. अखेरची खुरटी फळे बियाण्यास ठेवण्याची सवय वाईट. तिने वाण दरवर्षी उतरत जाते. दोडका वेलावरच वाळू द्यावा व बियांसकट टांगून ठेवावा. पडवळ, कारले पिकून फुटावयास लागले की बी काढून, धुऊन, सावलीत वाळवावे आणि कोरड्या राखेत घोळून बाटलीत भरावे. वालास राख चोळली असता भुंगा कमी लागतो. प्रत्येक बाटलीवर भाजीचे नाव, ज्या घरातून बी आले त्या घराचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि बाटल्या एप्रिलअखेर शाळेच्या कपाटात वरच्या कप्प्यात, भिंतीला लागणार नाहीत अशा ठेवाव्या. पावसाळ्यात आपल्या भिंती पाझरतात.